रिटायर फौजीने कमी बजेटमध्ये .३१५ रायफल कशी निवडावी

आमच्या साताऱ्याकडे पेन्शनवर आलेला जवान भेटला की हमखास एकच विषय निघतो. सर्व्हिसमध्ये एसएलआर चालवली, इन्सास चालवली (दोन्ही लष्करी रायफली), आता शेतावर राहतोय तर तशीच रायफल पाहिजे, पैसे जास्त नाहीत, कुठली घेऊ? आणि त्याला आधीच कोणीतरी सांगून ठेवलेलं असतं की तू एक्स-सर्व्हिसमन आहेस, तुला ७.६२ मिळेल, फक्त ओळख पाहिजे. असल्या माणसाला एक रुपया देऊ नका. ७.६२, ५.५६, .३०३ हे सगळे प्रोहिबिटेड बोअर, म्हणजे सामान्य माणसाला बंदी असलेली मापं, साध्या लायसनवर मिळत नाहीत, विषय संपला.

तुमच्या हाताला ओळखीची वाटेल अशी परवडणारी रायफल म्हणजे ईशापूर फॅक्टरीची .३१५. आतून ती ली-एनफिल्डच आहे, जुन्या .३०३ चीच बोल्ट ॲक्शन (बोल्ट म्हणजे काडतूस आत ढकलून चेंबर मागून बंद करणारा, हाताने मागेपुढे करायचा भाग), बोल्ट पुढे ढकलताना कॉक होणारी, म्हणजे फायरसाठी ताणली जाणारी, फक्त काडतूस वेगळं, कारण इंग्रजांना लष्कराचं काडतूस लोकांच्या हातात जायला नको होतं. पण बँकेत किंवा कॅश व्हॅनवर गार्डची नोकरी धरायची असेल तर रायफल घेऊच नका, १२ बोअर (छऱ्याची बंदूक) घ्या. भर वस्तीत रायफलची गोळी कुठवर जाईल सांगता येत नाही, आणि नोकरीवर ठेवणारेही बहुतेक १२ बोअरच मागतात.

लायसनचा अर्ज ऑनलाईन, पुण्या-मुंबईत कमिशनर आणि जिल्ह्यात कलेक्टर ऑफिस. ५ वर्षांचं मिळतं, त्यावर जास्तीत जास्त २ हत्यारं. लायसन हातात पडेपर्यंत कोणालाही ॲडव्हान्स देऊ नका.

आता खरं काम, सेकंडहँड रायफल तपासणं. बजेट कमी म्हटलं की सेकंडहँडच येते आणि माझे पैसे इथेच बुडाले होते. दुकानात दस्ता नवीन पॉलिश केलेला, नळी आतून चकचकीत, भाव बरा, मी खूश होऊन घेतली. रेंजवर पहिल्या ५ राऊंडमध्ये ३ पुंगळ्या (काडतुसाची रिकामी खोळं) बुडाच्या जरा वर चिरलेल्या निघाल्या. युनिटमधला जुना आर्मरर (हत्यारं दुरुस्त करणारा) दोस्त होता त्याला दाखवली तर त्याने बोल्ट काढला आणि एका मिनिटात सांगितलं की हा बोल्ट या रायफलचा नाहीच. बॉडीवर एक नंबर, बोल्टच्या दांड्यामागे दुसराच. कुठल्यातरी दुसऱ्या रायफलचा बोल्ट बसवून विकली होती.

हे का वाईट ते नीट समजून घ्या. बोल्टचं तोंड आणि चेंबर यांच्यामध्ये काडतुसाच्या बुडाच्या कडेला जेवढी जागा लागते तेवढीच पाहिजे, तिला हेडस्पेस म्हणतात. बोल्ट बदलला की ती बदलू शकते, जास्त झाली तर फायरच्या वेळी पुंगळी मागे ताणली जाते, चिरते, आणि गरम गॅस तुमच्या तोंडाकडे येतो. बाहेरून बघून हे कळत नाही, नळी कितीही चमकू दे. म्हणून माझं ठाम मत आहे, नंबर जुळत नसतील तर रायफल खाली ठेवा आणि दुकानातून बाहेर पडा, भाव निम्मा केला तरी. नंबर जुळले तरी हेडस्पेस मोजायचं गेज असलेल्या आर्मररला सोबत न्या, त्याला दिवसाचे पैसे द्या, ते पैसे वाया जात नाहीत. दुकानदार म्हणाला गेजची गरज नाही, तर तो दुकानदार बदला.

मग नळीचं तोंड बघा. सगळे चेंबरच्या बाजूने उजेड पाडून आटे (नळीच्या आतल्या, गोळीला फिरवणाऱ्या खाचा) बघतात आणि खूश होतात, पण नळी साफ करायची पुल थ्रूची दोरी वर्षानुवर्षं तिरकी ओढली की तोंडाशी एका बाजूला झीज होते आणि मग गोळी कुठेही जाते. तोंडाची कड सगळीकडून सारखी गोल पाहिजे. आटे बघताना आधी कोरडी चिंधी मारायला लावा, कारण तेलाच्या थराखाली गंजाचे खड्डे दिसत नाहीत. दस्त्याला बॉडीच्या मागे जिथे लाकूड बारीक होतं तिथे तडा आहे का तेही बघा, नवीन पॉलिश असेल तर दोनदा.

बिलावरचा, लायसनवरचा आणि बॉडीवरचा नंबर एकच पाहिजे. दुकानातून न घेता ओळखीच्या माणसाकडून घेत असाल तर त्याने आधी कलेक्टर किंवा पोलीस स्टेशनला लेखी कळवायचं आणि ४५ दिवस थांबायचं, भाऊ असला तरी हाच नियम.

काडतुसं आपल्या खडकीच्या फॅक्टरीची, बुडावर केएफ शिक्का असलेली. जुन्या स्टॉकची असतील तर त्यातल्या कॅपचा (बुडातल्या ठिणगी पाडणाऱ्या टोपीचा) मसाला नळीत क्षार सोडतो, तो तेलाने जात नाही, म्हणून फायर केल्यावर आधी उकळतं पाणी ओता, कोरडी चिंधी मारा, मगच तेल. नुसतं तेल मारून ठेवलेली चांगली नळी मी एका पावसाळ्यात खराब झालेली बघितली आहे.

आणि निवडणुकीत हत्यार जमा करायला सांगितलं तर पावतीवर बॉडीबरोबर बोल्टचाही नंबर लिहून घ्या, परत घेताना तिथेच टेबलावर बोल्ट काढून तो नंबर जुळवा, मगच सही करा.