प्रार्थनेतलं 'आपण' आणि अजून काही चुका, या टाळा

गेली वीसेक वर्षं सोलापुरात आमच्या ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, शास्त्रवाचन (बायबलचं वाचन) करतोय आणि तरुण पोरापोरींना प्रार्थना चालवायला शिकवतोय. दरवर्षी चेहरे नवे, चुका मात्र त्याच. म्हणून एकदा सगळं लिहूनच काढतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे देवाला 'आपण' किंवा 'तुम्ही' म्हणणं. पोरांना वाटतं, आपण सरांना तू म्हणत नाही, मामांना म्हणत नाही, मग देवाला कसं म्हणायचं? भावना चांगली आहे, पण मराठीत आईला तू आणि देवालाही तूच. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात आहे, वारकरी विठोबाशी तू म्हणूनच बोलतो. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्ताला माऊली म्हटलं, आणि माऊलीला कुणी अहो-जाहो करतं का? मूळ हिब्रू आणि ग्रीकमध्ये तर एकाच व्यक्तीला आदरानं 'तुम्ही' म्हणायची सोयच नाही. इंग्रजीतलं जुनं 'दाऊ' (thou) ऐकून लोकांना वाटतं तो लई आदराचा शब्द असेल, पण 1611 च्या बायबलमध्ये तो साधा एकवचनी तू आहे, राजालाही तोच आणि चाकरालाही तोच. एवढं लांब कशाला जायचं, सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू शेजाऱ्यांची प्रभूची प्रार्थना, म्हणजे येशूनं शिकवलेली, ती ऐका, ते 'नी नाममु' म्हणतात, कन्नडवाले 'निन्न नामवु', म्हणजे दोन्हीकडं 'तुझं नाव'च.

ही सवय लागते कुठून तर मोबाईलमधून. इंग्रजी प्रार्थना टाकायची, मराठी काढायची, दोन मिनिटांत काम झालं. या शॉर्टकटचा मला मनापासून राग आहे आणि त्याला कारण आहे. चारेक वर्षांमागं एका घरी मयत झाली, म्हातारे गृहस्थ, सगळा जन्म गिरणीत गेलेला. नातू बाहेरगावी नोकरीला, तो रात्रीतून आला आणि त्याला बायबलमधलं 23वं स्तोत्र वाचायला दिलं. पुस्तक समोर होतं, पण त्यानं फोन काढला आणि इंग्रजीवरून आपोआप झालेलं मराठी वाचायला लागला. सुरुवातीला कुणाच्या लक्षात आलं नाही. आजी खाटेवर बसून डोळे मिटून त्याच्याबरोबर ओठ हलवत होत्या, त्यांना ते लहानपणापासून पाठ. चौथ्या वचनाला तो म्हणाला, 'आपण माझ्यासोबत आहात, तुमची काठी आणि तुमचे कर्मचारी मला धीर देतात.' इंग्रजीत मेंढपाळाच्या काठीला जो शब्द आहे तोच ऑफिसातल्या स्टाफला आहे, फोननं कर्मचारी करून टाकलं. आजींचे ओठ थांबले. त्यांनी डोळे उघडून नातवाकडं बघितलं, रागावल्या नाहीत, मला एवढंच म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही म्हणा." मी पहिल्यापासून परत म्हटलं, त्या बरोबरीनं म्हणत राहिल्या.

कर्मचारी ही गोष्ट सगळ्यांना कळली, पण माझ्या मते त्याहून मोठं नुकसान त्या 'आपण'नं केलं. त्या स्तोत्राची रचनाच नीट बघा. सुरुवातीला परमेश्वराबद्दल बोलणं चाललंय, तो मला हिरव्यागार कुरणात बसवतो, तो मला संथ पाण्यावर नेतो. मग मृत्युच्छायेची दरी येते आणि तिथं एकदम 'तू माझ्याबरोबर आहेस'. उजेडात 'तो' होता, अंधारात 'तू' झाला. हात धरल्यासारखं आहे ते. तिथं 'आपण आहात' म्हटलं की हात सुटतो.

मग आदर कुठं दिसतो असं पोरं विचारतात. क्रियापदात दिसतो. प्रभूची प्रार्थना हळू म्हणून बघा, 'पवित्र मानिले जावो', 'राज्य येवो', 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो', देवाच्या गोष्टींना तीन वेळा वो आणि मग आपल्या गरजा आल्या की सरळ 'दे', 'सोड', लेकरानं मागावं तसं. आणि त्यातलं 'मानिले' सुधारून 'मानले' करायला जाऊ नका, शंभर माणसं एका सुरात म्हणत असतात. भाकर पण भाकरच राहू द्या, ज्वारीची भाकरी खाणाऱ्या गावाला ती समजावून सांगायला लागत नाही.

दुसरी चूक त्याच शब्दाची, फक्त उलट्या बाजूनं. डोळे मिटून पोरगं म्हणतं, "हे प्रभू, आपण सगळे पापी आहोत, आपल्याला क्षमा कर." आता मराठीत आपण म्हणजे ऐकणाऱ्याला धरून सगळे, आणि प्रार्थनेत ऐकणारा कोण आहे? देव. म्हणजे त्यालाही पाप्यांत बसवलं! तिथं 'आम्ही पापी आहोत, आम्हाला क्षमा कर' असंच पाहिजे. पहिल्यांदा हे मला आमच्या मंडळीतल्या एका जुन्या वडीलधाऱ्यांनी उपासनेनंतर बाजूला घेऊन सांगितलं होतं, "काय म्हणालास बे, परत म्हण," आणि मी परत म्हटल्यावर माझं मलाच कळलं, अंगावर काटा आला होता. हिंदीत 'हम' एकच, इंग्रजीत एकच, ग्रीकमध्येपण एकच, पण मराठीत दोन आहेत, तेलुगूतही मेमु आणि मनमु वेगळे. म्हणजे भाषांतर करणाऱ्यांना प्रत्येक ठिकाणी थांबून ठरवायला लागलं की इथं आम्ही का आपण. प्रभूच्या प्रार्थनेत 'आमच्या', 'आम्हास', कारण बोलणं देवाशी आहे. योहानाच्या पहिल्या पत्रात पापाबद्दल लिहिताना 'आपण', कारण तिथं माणूस माणसांशी बोलतोय. माझी सवय सांगतो, डोळे मिटले की आम्ही, डोळे उघडून मंडळीशी बोलायला लागलो की आपण.

बाकीच्या पटपट सांगतो.

'येशूच्या नावात मागतो' नाही, 'येशूच्या नावाने'.

दर वाक्यात 'फक्त' नको, 'प्रभू आम्ही फक्त तुझे आभार मानायला फक्त आलोय', हे इंग्रजी प्रार्थनांचं आलंय. श्वास घ्यायला जागा पाहिजे असेल तर गप्प राहा, देवासमोर गप्प राहिलेलं चालतं.

चंगाई, आशीष हे हिंदी गाण्यांतून येतं, आपल्याकडं आरोग्य आहे, आशीर्वाद आहे.

सत्कार समारंभात तो गौरव असतो, पवित्र शास्त्रात ते गौरव, 'देवाचे गौरव'.

जुन्या करारात 'परमेश्वर' छापलंय तिथं 'प्रभू' वाचू नका, हिब्रूतल्या देवाच्या चार अक्षरी नावासाठी तो शब्द ठेवलाय. तसंच 'येशू म्हणाला' छापलं असेल तर वाचताना म्हणालाच, तुमच्या बोलण्यात म्हणाले म्हटलं तर माझी हरकत नाही.

आणि जड शब्द म्हणजे भक्ती हा गैरसमज काढून टाका. पंडिता रमाबाईंचं संस्कृत किती पक्कं होतं सगळ्यांना माहिती आहे, पण केडगावला मुक्ती मिशनमध्ये बसून त्यांनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबलचं भाषांतर केलं ते मुद्दाम साध्या मराठीत, गावातल्या बायकांना कळावं म्हणून. त्या 1922 ला गेल्या, पूर्ण बायबल 1924 ला छापून आलं. तेवढं संस्कृत येणाऱ्या बाईला साधे शब्द चालले, मग आपल्याला 'हे सर्वव्यापी करुणासागर परमपित्या' एका दमात म्हणायची घाई का?

नवीन पोरांना घाईच फार असते, रविवारी सकाळी पायऱ्यांवर विचारतात, आज कुठला उतारा. शनिवारी रात्री मोठ्यांदा तीनदा वाचा, छापील पुस्तकातून, हातात पेन्सिल घेऊन. यहेज्केल, फिलिप्पैकरांस असले शब्द आधीच जिभेवर बसवा. थांबायचं तिथं बारीक उभी रेघ मारा. माझ्या पुस्तकात 23व्या स्तोत्रात 'कारण तू माझ्याबरोबर आहेस' इथं 'कारण' नंतर, 'तू'च्या आधी अशी रेघ आहे, ती त्या मयतीनंतर मारलेली.