फँटसी आणि साहसकादंबऱ्या: वाचताना मत कसं घडवायचं आणि कसं मांडायचं

पुस्तक वाचायला घेतानाच त्यात पोस्टकार्डाएवढा एक कोरा कागद घालून ठेवा. खूणही तीच आणि वहीही तीच. मोठी वही घेतली की ती टेबलावर राहते आणि पुस्तक अंथरुणात जातं. कागदावर तीन उभे रकाने आखा: नियम, किंमत, शंका. प्रत्येक नोंद चार-पाच शब्दांची, पुढे पान क्रमांक. चारशे पानांच्या कादंबरीला वीस-पंचवीस नोंदी पुष्कळ झाल्या. साठ झाल्या तर तुम्ही वाचत नसून पेपर तपासताय.

हा खटाटोप कशाला, तर फँटसीवरची बहुतेक मतं शेवटच्या पन्नास पानांवर बनतात. शेवटची लढाई रंगली की मधली दोनशे रटाळ पानं माफ होतात, आणि आवडतं पात्र मेलं की आधीचं उत्तम बांधकाम मातीमोल ठरतं. हातात पान क्रमांक असले की मत असं हेलकावे खात नाही.

नियम, किंमत, शंका

'नियम' म्हणजे कादंबरीने स्वतःच्या जगाबद्दल दिलेला शब्द. जादू कोणाला येते, कशाने येते, कुठे चालत नाही. 'किंमत' म्हणजे ती वापरल्यावर पात्राला काय मोजावं लागलं. 'शंका' म्हणजे जिथे तुम्ही वाचता वाचता थबकलात ती जागा.

समजा एका कादंबरीत मुलगी आरशातून दुसऱ्या शहरात जाऊ शकते. पान ४८ वर कळतं की एकदा गेलं की एक आठवण कायमची पुसली जाते. ही नोंद नियमाच्या रकान्यात. पान ११० वर ती जाते आणि आजीचा आवाज विसरते. पान २१५ वर पुन्हा जाते, तेव्हा आईने शिकवलेली दोराची गाठ तिला बांधता येत नाही. या दोन्ही नोंदी किंमतीच्या. पान ३४० वर ऐन संकटात ती तीनदा ये-जा करते आणि आठवणींचा साधा उल्लेखही नाही. ही शंका. इथे लगेच 'लेखक विसरला' असं लिहायचं नाही. पुढे पान ३८० वर सख्खा भाऊ समोर उभा असताना तिला तो ओळखू येत नसेल, तर लेखकाने ते तीन फेरे मुद्दाम गाळले होते, आणि ती कादंबरीतली सर्वांत चांगली जागा आहे. शेवटपर्यंत काहीच आलं नाही, तर मात्र लेखकाने स्वतःचाच नियम गुंडाळून ठेवला. एकच शंका, पुस्तक संपेपर्यंत ती दोन्हीकडे झुकू शकते, म्हणून कागद हवा.

प्रत्येक जादूला नियमावली असायलाच हवी, असं मात्र नाही. धूसर, न उलगडणारी जादू सुंदर असते, पण एका अटीवर: तिने पात्रांना अडचणीत टाकावं, अडचणीतून सोडवू नये. जी शक्ती कशी चालते हेच वाचकाला माहीत नाही, तिने शेवटच्या प्रकरणात सगळ्यांना वाचवलं की वाचकाला फसवल्यासारखं वाटतं. भविष्यवाणीचंही तसंच. ती शब्दशः खरी ठरली तर कथेत करण्यासारखं काही उरत नाही. शब्द तेच राहून अर्थ उलटला तर मजा येते.

साहसाचा हिशेब

साहसकथेत जादूच्या जागी अंतर, वेळ आणि शिधा असतो, आणि तो मोजता येतो. पाठीवर ओझं घेऊन चालणारा माणूस चांगल्या वाटेने दिवसाला २० ते ३० किलोमीटर जातो, डोंगरात त्याच्या निम्मं. घोडा दिवसामागून दिवस ४०-५० किलोमीटर चालतो, तेही चारा, पाणी आणि विश्रांती मिळाली तर. माणसाला उन्हात चालताना दिवसाला निदान ३ लिटर पाणी लागतं, म्हणजे ३ किलो वजन. पाच जण झरा नसलेलं वाळवंट दहा दिवसांत ओलांडत असतील तर १५० किलो पाणी कोणाच्या तरी पाठीवर असायला हवं. उंट दिसले का? नसतील तर शंकेच्या रकान्यात. जखमांचाही हिशेब ठेवा. खांद्यात तलवार घुसलेला मुलगा तिसऱ्या दिवशी दोरावरून चढत असेल तर ती जखम फक्त प्रकरण संपवण्यापुरती होती.

सुरुवातीला नकाशा असेल तर त्याला सजावट समजू नका. 'ट्रेझर आयलंड' १८८१ मध्ये लिहायला घेतलं तेव्हा स्टीव्हन्सनने बेटाचा नकाशा आधी काढला होता आणि गोष्ट त्यातून उगवली. पुढे तो मूळ नकाशा प्रकाशकाकडे जाताना हरवला, तेव्हा मजकुरातल्या दिशा आणि खुणा वेचून त्याला तो नव्याने काढावा लागला. मजकूर पक्का होता म्हणून ते जमलं. हीच कसोटी कोणत्याही नकाशावाल्या कादंबरीला लावता येते: तीन-चार प्रकरणं झाल्यावर नकाशा न बघता पात्रांचा प्रवास कागदाच्या मागे रेखाटा. रेखाटता आला नाही, तर लेखकाने नुसती ठिकाणांची नावं दिलीत.

'नायिका मूर्खच आहे'

या प्रकारच्या कादंबऱ्यांवरची ही सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार, आणि बहुतेक वेळा ती चुकीची असते. नायिका पंधरा-सोळा वर्षांची आहे आणि तुम्हाला खलनायकाच्या तोंडची तीन प्रकरणं वाचायला मिळालीत, तिला नाहीत. निर्णयाच्या क्षणी तिला काय माहीत होतं, एवढंच कागदावर लिहा. तेवढ्या माहितीवर निर्णय पटतो का? पटला तर तक्रार सोडून द्या. तिला माहीत असलेली गोष्ट ती फक्त कथानक पुढे ढकलण्यासाठी विसरत असेल, तर तक्रार खरी, आणि पान क्रमांकासकट लिहावी.

वयोगटही तपासा. नायक दहा-बारा वर्षांचा असेल तर पुस्तक साधारण आठ ते बारा वयाच्या मुलांसाठी असतं. चौदा ते अठराचा असेल तर किशोरांसाठी. मुलांना आपल्यापेक्षा थोड्या मोठ्या नायकाबद्दल वाचायला आवडतं. पहिल्या गटातल्या पुस्तकावर 'राजकारण फारच सोपं केलंय' असा ठपका ठेवणं म्हणजे सायकलला चौथा गिअर नाही म्हणून रडणं. तिथे बघायचं ते वेगळं: भीती खरी वाटते का, मोठी माणसं ऐनवेळी सोयीस्करपणे गायब होतात का, आणि मुलं आपली कोंडी आपल्या अकलेने फोडतात का.

क्रम, आवृत्ती आणि अनुवाद

मालिका असेल तर प्रकाशनाच्या क्रमाने वाचा, कथेतल्या काळाच्या क्रमाने नको. 'नार्निया'चं पहिलं पुस्तक १९५० चं. त्यात बर्फाळ जंगलाच्या मधोमध रस्त्यावरचा दिवा पेटलेला दिसतो आणि तो तिथे कसा, हे कोडं राहतं. त्याचं उत्तर १९५५ च्या सहाव्या पुस्तकात आहे, आणि नंतरच्या आवृत्त्यांनी त्यालाच पहिला क्रमांक दिला. त्या क्रमाने गेलात तर कोडं पडण्याआधीच उत्तर हातात येतं. आवृत्तीही लिहून ठेवावी: 'हॉबिट' १९३७ चं, पण अंधाऱ्या गुहेतल्या कोड्यांचं प्रकरण १९५१ च्या आवृत्तीत बदललं. आधी गुहेत राहणारा गॉलम नावाचा प्राणी आपली जादूची अंगठी कोड्यांच्या पैजेचं बक्षीस म्हणून द्यायला तयार होता.

मराठी अनुवाद वाचत असाल तर दोष कोणाचा हे ठरवल्याशिवाय मत देऊ नका. जादूगार, मांत्रिक, चेटकीण, सिद्ध यांच्यातला भेद मूळ कथेत दर्जाचा असू शकतो. अनुवादात सगळेच 'जादूगार' झाले की पदांची उतरंड कोसळते आणि वाचक लेखकाला नावं ठेवतो. ड्रॅगनचा 'अजगर' झाला की उडायचं कसं हा प्रश्न पडणारच. तू आणि तुम्ही बघा. इंग्रजीत हा भेद नाही, म्हणून तो अनुवादकाने ठरवलेला असतो. गुरूला 'तुम्ही' म्हणणारा शिष्य भांडणात 'तू'वर येतो का, आणि नेमक्या जागी येतो का? आणखी एक पेच: प्रथमपुरुषी निवेदक मुलगा की मुलगी हे मूळ लेखकाने शंभर पानं झाकून ठेवलं असेल, तर मराठीत 'मी गेलो' की 'मी गेले' यात पहिल्याच वाक्याला गुपित फुटतं. अनुवादकाने ते क्रियापदं वळवून सांभाळलं असेल तर त्याला वेगळी दाद द्या.

लिहायला बसल्यावर

पुस्तक संपल्यावर दोन दिवस जाऊ द्या, मग पहिलं प्रकरण पुन्हा वाचा. शेवट माहीत असताना ते जास्त चांगलं वाटलं तर बांधणी पक्की आहे. मग कागद समोर ठेवून अडीचशे-तीनशे शब्द. कथानकाला त्यातले साठ-सत्तरच, आणि पहिल्या चौथाईच्या पुढचं काही फोडायचं नाही. पुढच्या गोष्टीवर बोलायचंच असेल तर घटना न सांगता तिचा प्रकार सांगा.

'जादू छान आहे पण शेवट घाईत उरकलाय' हे वाक्य हजार पुस्तकांना चालेल. त्याऐवजी: 'पहिल्या तीनशे पानांत प्रत्येक जादूची किंमत मोजावी लागते, शेवटच्या साठात ती फुकट होते.' आता वाचणाऱ्याला कळतं की काय बिनसलं, आणि त्याला किंमतीचं काही पडलेलं नसेल तर तो पुस्तक खुशाल घेईल. 'अमुक मालिकेसारखं आहे' हे टाळा. साम्य नेमकं कशात, ते सांगा: शाळा, स्पर्धा, हरवलेला वारस. तारे द्यायचेच असतील तर ते सगळ्यात शेवटी ठरवा. आधी ठरवले की मजकूर त्यांची वकिली करत बसतो.

मालिकेच्या मधल्या भागाला थोडी सूट द्या, त्याला सुरुवातही नसते आणि शेवटही. पण त्याच्या अखेरीस एक तरी गोष्ट परत न फिरण्यासारखी बदललेली असावी. नसेल तर तो भाग वगळला तरी चालेल, असं सरळ लिहा.

आणि अर्ध्यात सोडलेल्या पुस्तकावरही मत देता येतं, फक्त कुठल्या पानावर सोडलं ते पहिल्या ओळीत हवं.