माळ्यावरचं जॅझ लेबल खाली उतरवताय? आधी डब्यांचे फोटो

मामाचं गिरगावात छोटंसं जॅझ लेबल होतं, म्हणजे रेकॉर्ड काढणारी कंपनी, कंपनी कसली, एक कपाट, एक स्पूल मशीन आणि माळाभर स्पूल, म्हणजे चकतीवर गुंडाळलेल्या टेपा. ते परत सुरू करायचं म्हणून मी मोठ्या हौसेने माळा उपसला आणि माती खाल्ली. आता वांद्र्याच्या एका मित्राकडे तसाच माळा निघालाय, तो यादी मागतोय, म्हणून हे.

मास्क, टॉर्च, स्टूल, ठीक. पावसाळ्यात हात लावू नका, दिवाळी होऊ द्या, मुंबईच्या दमट हवेत उघडलेल्या स्पूलला बुरशी धरायला वेळ लागत नाही.

आता मुख्य. स्पूल बाहेर काढायच्या आधी डब्याचा फोटो. पुढून, मागून, कडेवरून, झाकण उघडून आतून, आणि आत चिटोरा असला तर त्याचाही, मग तो सिगारेटच्या पाकिटाचा का असेना. मी काय केलं, पुठ्ठ्याचे डबे कुबट मारत होते म्हणून मस्त पांढरे प्लास्टिकचे डबे आणले, स्पूल त्यात घातल्या आणि जुने डबे रद्दीत दिले, किलोवर. एकच वाचला, त्यात मामीने शर्टाची बटणं ठेवलेली. त्यावर पेन्सिलने: ‘१५ इंच, टेल्स आउट, टेक ३ घेणे, २ मध्ये बेस बेसूर’. म्हणजे टेपचा वेग सेकंदाला १५ इंच, आणि तिसऱ्यांदा वाजवलेलं घ्यायचं. असं सगळ्यांवर लिहिलेलं असणार हो! स्पीड, इक्वलायझेशन (आवाजाच्या चढउताराचं सेटिंग) एनएबी पद्धतीचं का सीसीआयआर, कोण काय वाजवतंय, सगळं गेलं. टेल्स आउट म्हणजे टेपचं शेवटचं टोक बाहेर, आधी उलटी गुंडाळायची, हे न कळून पहिली स्पूल आम्ही उलटी ऐकली. ते हसण्यावारी गेलं. पण वादकांची नावं मी अंदाजाने टाकली आणि एका ड्रमरच्या मुलीचा फोन आला, हे बाबा नाहीत, बाबा ब्रश (ड्रमवर काठीऐवजी वापरतात तो) असे वाजवत नाहीत. काय बोलणार. म्हणून फोटो काढल्यावरही डबा टाकायचा नाही, रद्दीवाला आला की दार लावून घ्या.

टेप स्वतः वाजवून बघू नका. उजेडासमोर धरा, गुंडाळीतून उजेड आरपार दिसला तर अ‍ॅसिटेट, म्हणजे जुन्या प्रकारच्या प्लास्टिकची टेप, व्हिनेगरचा वास आला तर ती सडतेय, वेगळी ठेवा. सत्तरीतल्या-ऐंशीतल्या काही टेपांचं, अँपेक्स ४५६ वगैरे, बाइंडर, म्हणजे टेपवरचा थर धरून ठेवणारा गोंद, ओल धरून चिकट होतं, त्या साधारण ५४ डिग्रीला काही तास भाजून मग वाजवतात, पण हे जाणकाराकडून, घरच्या ओव्हनमध्ये नाही, आणि अ‍ॅसिटेट कधीच भाजायची नाही. कुठली टेप आहे ते कशावर छापलेलं असतं? डब्यावर. डिजिटाइझ २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, आवाज साफ करायची खुमखुमी नंतर, आधी आहे तसं.

कागद. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने रेकॉर्डिंगवर हक्क प्रसिद्ध झाल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं, १९६५ ची रेकॉर्ड असेल तर २०२५ च्या अखेरीपर्यंत. पण ट्यूनचा हक्क वेगळा, रचनाकार गेल्यावर ६० वर्षं. जॅझचा मोठा रचनाकार ड्यूक एलिंग्टन १९७४ ला गेला म्हणजे २०३४ संपेपर्यंत थांबा नाहीतर लायसन्स घ्या. आणि ‘टेक द ए ट्रेन’ त्याची नाही, बिली स्ट्रेहॉर्नची, तो १९६७ ला गेला, हिशेब बदलला. हक्क सही करून लेखी दिलेले नसतील तर मामाच्या शब्दाला कायद्यात किंमत नाही, वारसांना गाठा, ते गोव्यात निघाले तर गोव्याला जावं लागेल, जा. गाठायचं कोणाला हे परत डब्यावरच्या नावांवरून.

मग आयएसआरसी कोड (प्रत्येक रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक), कव्हर, स्ट्रीमिंग, ते होतं. एलपी काढणार असाल तर एका बाजूला २०-२२ मिनिटंच. हार्ड डिस्क दोन, एक दुसऱ्याच्या घरी. लाँचचं तुमचं तुम्ही बघा, मी दमलो. माळ्यावर चढायच्या आधी मोबाइल चार्ज करा आणि त्यात जागा आहे का बघा, दीडशे डबे म्हणजे सहा-सातशे फोटो होतात.