इम्प्रेशन्स तेवढीच, क्लिक निम्मे: जुना लेख असा सुधारला

उकडीच्या मोदकांवरचा माझा 2017 चा लेख. गुगलच्या सर्च कन्सोलमध्ये (साइट शोधात कशी दिसते ते दाखवणारं साधन) इम्प्रेशन्स, म्हणजे लेख शोधात किती वेळा दिसला ते, जशीच्या तशी, क्लिक मात्र निम्मे. नुसती तारीख बदलली, कीवर्ड कोंबले, ढिम्म. अक्षरशः वैताग आला.

मग परफॉर्मन्स अहवालात त्या पानाचा फिल्टर लावला, 'सरासरी स्थान' या चौकटीवर खूण केली आणि ज्या क्वेरीजना (लोकांनी शोधलेल्या शब्दांना) लेख 8 ते 20 व्या स्थानी दिसत होता, त्या काढल्या. लोक विचारत होते, 'मोदक फुटतात कशाने', 'पिठीला पाणी किती'. माझ्या लेखात आधी चार परिच्छेद आजीच्या आठवणी! उत्तरं वर आणली, प्रत्येकाला उपशीर्षक दिलं, मग मुख्य शीर्षक बदललं. यूआरएलला, म्हणजे लेखाच्या वेब पत्त्याला, हात लावला नाही. इतर तीन लेखांतून दुवे दिले. शेवटी सर्च कन्सोलच्या यूआरएल इन्स्पेक्शनमधून 'रिक्वेस्ट इंडेक्सिंग' (पान पुन्हा तपासा अशी गुगलला विनंती), एकदाच. पुन्हा पुन्हा दाबून रांग पुढे सरकत नाही. तीन आठवड्यांनी क्लिक वाढू लागले.