संगणक पुन्हा सुरू केल्यावर डेस्कटॉपवरील आयकॉन विस्कटत असतील तर

विंडोज १० किंवा ११ मध्ये डेस्कटॉपच्या रिकाम्या जागी राइट-क्लिक करून ‘व्ह्यू’ उघडावे आणि ‘ऑटो अरेंज आयकॉन्स’समोर बरोबरची खूण असल्यास ती काढावी, कारण ती खूण असेपर्यंत सगळे आयकॉन डाव्या कडेपासून ओळीने लागत राहतात आणि आपण उजव्या कोपऱ्यात ठेवलेले फोल्डर तेथे टिकत नाही. ‘अलाइन आयकॉन्स टू ग्रिड’ (आयकॉन समान अंतराच्या अदृश्य चौकटींत बसवणारा पर्याय) मात्र चालू ठेवण्यास हरकत नाही.

तरीही मांडणी मोडत असेल, तर माझ्या मते पहिला संशय पडद्याच्या रिझोल्यूशनवर, म्हणजे पडद्यावरील चित्रबिंदूंच्या मापावर, घ्यावा. ग्राफिक्स ड्रायव्हर (पडद्यावरील चित्र हाताळणारे सॉफ्टवेअर) नीट सुरू न झाल्यास किंवा दुसरा मॉनिटर उशिरा ओळखला गेल्यास पडदा काही क्षण लहान मापाचा धरला जातो, आयकॉन त्या मापात दाटीने बसवले जातात आणि मूळ माप परत आले तरी ते पूर्वीच्या जागी जातीलच असे नाही. म्हणून ‘सेटिंग्ज’मधील ‘सिस्टिम’ आणि त्यातील ‘डिस्प्ले’ येथे रिझोल्यूशन व स्केल शिफारस केलेल्या मापावर ठेवावे, ड्रायव्हर अद्ययावत करावा आणि बाहेरचा मॉनिटर संगणकाच्या आधी चालू करावा.

आयकॉनच्या जागांची नोंद एक्सप्लोरर (डेस्कटॉप व फोल्डर दाखवणारा विंडोजचा प्रोग्राम) व्यवस्थित बंद होताना केली जाते. त्यामुळे पॉवरचे बटण दाबून धरून संगणक बंद करण्याची सवय असेल, तर ती आजच सोडावी. मांडणी केल्यावर एकदा ‘स्टार्ट’मधूनच रीस्टार्ट करून पाहावे.