थारच्या वाळूत मित्रांसोबत गाडी घालताय? या चुका टाळा

फेब्रुवारी संपत आला की पुण्या-मुंबईच्या, नाशिक-कोल्हापूरच्या गाड्या जैसलमेरच्या रस्त्याला दिसायला लागतात. थंडी ओसरलेली, उन्हाळा अजून पेटलेला नाही, रोहिड्याला केशरी-पिवळी फुलं आलेली आणि शिमग्याची सुट्टी जोडून घेता येते. गाडी बऱ्यापैकी तयार असते, चालवणाराही. भोर-मुळशीच्या चिखलात पावसाळे काढलेले असतात. घोळ नेमका इथेच होतो. सह्याद्रीच्या चिखलाने हातापायांना ज्या सवयी लावल्या, त्यातल्या बऱ्याचशा वाळूत उलट्या पडतात. आणि मित्रांच्या ग्रुपच्या सवयी तर त्याच्याही आधी, तारीख ठरवतानाच आडव्या येतात.

"शुक्रवारी रात्री निघू, शनिवारी संध्याकाळी वाळूत"

पुण्याहून जैसलमेर सुमारे बाराशे किलोमीटर आहे. पाळीपाळीने चालवत एका दमात तिथे पोचणारे आहेत, नाही असं नाही. पण रात्रभर जागलेल्या माणसाने त्याच संध्याकाळी वाळूच्या टेकडीवर गाडी चढवणं हा शुद्ध वेडेपणा आहे. जायला दोन दिवस, यायला दोन दिवस आणि मध्ये किमान तीन, एवढी रजा मिळत नसेल तर पुढच्या वर्षी जा.

तारीख होळी बघून धरू नका, ऊन बघून धरा. २०२४ मध्ये होळी २४ मार्चला होती, २०२६ मध्ये ती ३ मार्चच्या आसपास आली. तीन आठवड्यांचा हा फरक थारमध्ये फार मोठा असतो. मार्चच्या सुरुवातीला दुपार सोसवते, महिनाअखेरीस पारा चाळिशीकडे सरकतो आणि दुपारी वाळूत फावडं मारणं नकोसं होतं. शिवाय होळीच्या सुट्टीत सम गावाजवळच्या टेकड्यांवर जत्रा असते: उंट, जीप, क्वाड बाइक, रील काढणारे. टेकडीच्या पलीकडून कोण येतंय ते दिसत नाही, त्यामुळे गर्दीत वाळू शिकायला जाऊ नये.

सपाट दिसतंय म्हणून गाडी घातली

ही चूक सर्वांत जास्त होते आणि हिच्याबद्दल सर्वांत कमी बोललं जातं. लांबून मोकळं दिसणारं सगळं मोकळं नसतं.

जैसलमेर-बाडमेर भागातलं डेझर्ट नॅशनल पार्क ३,१६२ चौरस किलोमीटरचं आहे, आणि सम-खुडीच्या आसपासचा बराच प्रदेश त्याच्याच हद्दीत येतो. तिथे रस्ता सोडून गाडी घालायला मनाई आहे. हे माळढोकाचं शेवटचं मोठं घर. नान्नजच्या अभयारण्यात आपल्याकडे हा पक्षी दिसणं किती दुर्मीळ झालंय ते सोलापूरकरांना विचारा. उघड्या जमिनीवर एका वेळी साधारण एकच अंडं घालणारा पक्षी आहे तो. दुपारच्या उजेडात, चालत्या गाडीतून ते अंडं तुम्हाला दिसणार नाही.

मग ओरण. म्हणजे आपली देवराई, फक्त झाडी विरळ: खेजडी, केर, बोरी आणि गवत. लोकांची गुरं तिथे चरतात, फांदी तोडणंही पाप मानतात. शेकोटीसाठी तिथलं लाकूड उचललंत तर गावाशी तुमचं नातं तिथेच संपलं.

आणि खडीन. हा शब्द ग्रुपमधल्या प्रत्येकाला माहीत हवा. उतारावरून येणारं पावसाचं पाणी लांबलचक मातीच्या बांधाने अडवायचं, जमिनीत मुरू द्यायचं आणि त्या ओलीवर रब्बीचा गहू-हरभरा काढायचा, अशी ही पालीवाल ब्राह्मणांच्या काळापासूनची पद्धत. मार्चमध्ये एक तर पीक उभं असतं, नाहीतर नुकतं कापलेलं. पीक निघाल्यावर खडीन म्हणजे गुळगुळीत, तपकिरी, सपाट मैदान दिसतं आणि गाडी पळवायचा मोह होतो. बांधावर चाकाची चाकोरी पडली की पुढच्या पावसात पाणी तिथूनच फुटतं. गावतळ्याच्या आगोराचंही तसंच. आगोर म्हणजे तळ्याकडे पाणी वाहून आणणारी मोकळी जमीन. तिथे चप्पल घालून जाणंही जुन्या लोकांना खपत नाही, तुमचं डिझेल गळणं तर दूरच.

यावर उपाय एकच, आणि स्वस्त आहे: स्थानिक माणूस सोबत घ्या. पहिल्या गाडीत, पुढच्या सीटवर बसवा. त्याच्या दिवसाच्या पैशांवर घासाघीस करणारा मित्र नेमका चार लाखांचे टायर आणि विंच (गाडी ओढून काढायचं यंत्र) लावून आलेला असतो, हे एक कोडंच आहे.

सीमा, परवाने आणि अमेरिकेहून आलेला मित्र

तनोट आणि लोंगेवालापर्यंत डांबरी रस्त्याने जाता येतं. त्यापुढे सीमेच्या दिशेने परवानगी लागते आणि कच्च्या वाटेने "बघू तरी" म्हणून घुसणं अंगाशी येतं. ड्रोन घरीच ठेवा.

ग्रुपमध्ये एखादा ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं) कार्डवाला किंवा परदेशी पासपोर्टवाला मित्र असेल तर सीमाभागाचे नियम त्याला वेगळे आहेत. जैसलमेरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात आधी विचारा. आणि त्याला निघण्यापूर्वीच फोन करून सांगा की सॅटेलाइट फोन किंवा गार्मिन इनरीचसारखं सॅटेलाइट मेसेंजर आणू नकोस. अमेरिकेत वाळवंटात जाताना ते शहाणपणाचं समजतात. भारतात परवान्याशिवाय ते बाळगणं गुन्हा आहे, आणि गोव्याच्या विमानतळावर अशा उपकरणापायी परदेशी पर्यटक पोलिसांच्या तावडीत सापडले आहेत. गाड्यांमध्ये आपसात बोलायला ४४६ मेगाहर्ट्झ पट्ट्यातले, परवाना न लागणारे कमी ताकदीचे वॉकी-टॉकी पुरतात. सीमेकडे मोबाइलचं नेटवर्क कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून नकाशे आधीच उतरवून ठेवा.

हवा न काढता वाळूत

तिथला कुठलाही जीपवाला तुमची गाडी अडकलेली बघून पहिला प्रश्न हाच विचारतो: "हवा निकाली क्या?" आणि निम्म्या वेळा उत्तर नाही असंच असतं.

डांबरावर ३२ ते ३५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) असलेली हवा वाळूला लागण्यापूर्वीच १८ वर आणायची, फार भुसभुशीत असेल तर १५. चाक लांबट पसरतं, गाडीचं वजन वाटलं जातं आणि ती वाळू कापत जाण्याऐवजी वरून जाते. चारही चाकांत सारखी. बाराच्या खाली साध्या रिमवर जाऊ नका. झटकन वळलात की टायर रिमवरून सुटतो. "अडकलो तर काढू" हा हिशेब उलटा आहे, कारण अडकल्यावर चाक निम्मं गाडलेलं असतं आणि व्हॉल्व्ह शोधायलाही खणावं लागतं.

उन्हात तापलेल्या टायरचा काटा जास्त दाखवतो. संध्याकाळी १८ ठेवलीत तर थंड रात्रीनंतर सकाळी ती सोळाच्या आसपास दिसेल; घाबरू नका, पण मोजल्याशिवाय निघूही नका. डांबरावर परत आल्यावर मात्र "पुढच्या पंपावर भरू" नको. कमी हवेवर वेगाने गेल्यास टायरची भिंत तापून फाटते. कॉम्प्रेसर चालवताना इंजिन चालू ठेवा आणि दोन टायरनंतर त्याला निवू द्या, स्वस्तातले पंप तिसऱ्या टायरला मान टाकतात.

टायर रिमवरून सुटलाच, तर जॅकखाली लाकडी फळी घालून चाक उचला, रिमची कड आणि टायरचा ओठ पाण्याने धुऊन वाळू काढा, टायरभोवती रॅचेटचा पट्टा आवळा आणि व्हॉल्व्हची पिन काढून हवा भरा. बसताना "ठप्प" असा आवाज येतो, मग पिन लावून पुन्हा भरायचं. डिओ फवारून, काडी लावून टायर बसवायचा व्हिडिओ प्रत्येक ग्रुपमध्ये कुणीतरी पाहिलेला असतो. त्याच्या हातातली काडेपेटी काढून घ्या.

चिखलातला पाय

चिखलात आपण फोर-लो (चारही चाकांना ताकद, हळू गिअर) लावून, हळू, एकेक फूट सरकतो. वाळूत बहुतेक वेळ फोर-हाय (चारही चाकांना ताकद, नेहमीचे गिअर) आणि एकसारखी लय हवी. फोर-लो उभ्या चढाला आणि अडकल्यावर बाहेर पडायला. ट्रॅक्शन कंट्रोल चालू राहिलं तर चाक जरा फिरताच ते इंजिनची ताकद कापतं आणि गाडी चढावर मध्येच बसते. म्हणून ते बंद करा; बटण नीट दाबून धरलं की नाही ते डॅशबोर्डवरच्या दिव्याकडे बघूनच ठरवा.

ब्रेक शक्यतो नको. ब्रेक मारला की चाकांपुढे वाळूचा ढीग साचतो, आणि निघताना पहिल्यांदा तोच ओलांडावा लागतो. पाय काढा, गाडी आपोआप थांबते. थांबायचंच तर नाक उताराकडे ठेवून.

टेकडी चढायची ती सरळ, उतरायची तीही सरळ. आधी चालत वर जा आणि पलीकडे काय आहे ते डोळ्यांनी बघा. वाऱ्याच्या आडोशाची बाजू कड्यासारखी उभी असते. माथ्याच्या जरा आधी पाय हलका करायचा, म्हणजे गाडी वरून उडत नाही. चढ पुरा झाला नाही तर वळवू नका. रिव्हर्स गिअर टाका आणि आपल्याच चाकोरीतून सरळ खाली या. न्यूट्रलमध्ये मुळीच नाही. आडव्या उतारावर गाडी घसरू लागली तर स्टिअरिंग खालच्या बाजूला वळवा आणि थोडा ॲक्सिलरेटर द्या. मन ओरडत असतं की वरच्या बाजूला वळव, आणि गाड्या पलटतात त्या तसं वळवल्यामुळेच.

एका टेकडीवर एकच गाडी, पुढची पलीकडे उतरून रेडिओवर "मोकळं" म्हणेपर्यंत मागची खाली. गाडीवर उंच काठीचा झेंडा लावा. बघायला हास्यास्पद वाटतो, पण माथ्यापलीकडच्याला आधी तोच दिसतो.

अडकलात? पाय उचला

चाक फिरतंय आणि गाडी हलत नाही, हे कळल्यावर दिलेला प्रत्येक जादा ॲक्सिलरेटर गाडीला खाली खणतो. चेसिस वाळूवर टेकली की दहा मिनिटांचं काम दीड तासाचं होतं.

खाली उतरा. आधी उलट्या दिशेने निघता येईल का ते बघा, आलेली चाकोरी दाबलेली असते. चाकांपुढची आणि मागची वाळू काढा, पोटाखालची तर काढाच. बहुतेक जण ती विसरतात आणि मग म्हणतात की सँड ट्रॅक (चाकाखाली घालायच्या फळ्या) कामाचे नाहीत. हवा आणखी दोन-तीन पीएसआय कमी करा. फळ्या चाकाखाली तिरक्या, अगदी रेटून घाला. मग हलक्या पायाने निघा आणि कडक जमीन येईपर्यंत थांबू नका, मित्रांना घ्यायलासुद्धा.

क्लचचा जळका वास आला तर तो प्रयत्न शेवटचा. पंधरा-वीस मिनिटं थांबा. तापमानाचा काटा चढला तर एसी बंद, हीटर पूर्ण चालू, गाडीचं नाक वाऱ्याकडे आणि इंजिन आयडलवर. काटा लाल पट्ट्यात गेला किंवा कूलंट सांडलेलं दिसलं तर मात्र इंजिन बंदच करा. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका, हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी एक जण उघडतोच.

दुसऱ्या गाडीने ओढताना माणसं मरू शकतात. दोर टो-बॉलला (ट्रेलर जोडायच्या गोळ्याला) कधीही अडकवू नका. तो बॉल तुटला की गोळीसारखा येतो. कंपनीचा किंवा चेसिसला बसवलेला मजबूत रिकव्हरी पॉइंट (ओढायचा हूक) वापरा, लांबणारा कायनेटिक दोर घ्या, लोखंडी शॅकलपेक्षा (दोर जोडायच्या कडीपेक्षा) दोरीचा सॉफ्ट शॅकल बरा. दोरावर जाडसर घोंगडी किंवा जॅकेट टाका. चालक सोडून बाकी सगळे दोराच्या दीडपट लांब उभे राहतील, व्हिडिओ काढणारासुद्धा. आणि इशारे एकानेच करायचे. सहा मित्र एकदम "दे, दे, दे" ओरडायला लागले की चालक कुणाचंच ऐकत नाही.

पाणी, इंधन, फुरसं

पिण्याचं पाणी माणशी दिवसाला पाच लिटर आणि प्रत्येक गाडीत वेगळं. सगळे कॅन एकाच गाडीत आणि तीच गाडी मागे राहिलेली, असं होऊ देऊ नका. वाळूत इंधन डांबराच्या दीडपट-दुप्पट जातं, म्हणून तनोटच्या रस्त्यावरच्या रामगढच्या पुढे निघण्यापूर्वी टाकी भरा. दारू मुक्कामाला गाड्या उभ्या केल्यावरच.

ऊब वाढली की फुरसं बाहेर पडतं. कोकणातल्याला सांगायला नको, बाकीच्यांनी बूट झटकून घालावेत आणि रात्री टॉर्चशिवाय तंबूबाहेर पाय ठेवू नये. जवळचं सरकारी रुग्णालय कुठे आहे ते आधीच नकाशावर खूण करून ठेवा.

परतताना गाडी थरथरते

वाळूतून डांबरावर आल्यावर ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरायला लागलं तर अलाइनमेंटवाल्याकडे धावण्यापूर्वी चाकांच्या आतल्या बाजूला हात घाला. रिमच्या आत वाळू किंवा ओली माती चिकटून बसलेली असते आणि चाकाचा तोल जातो. पाण्याचा फवारा आतून मारला की बहुतेक वेळा थरथर जाते. गेली नाही, तर नट पाना लावून तपासा आणि टायरच्या भिंतीवर फुगवटा आहे का ते बघा. असेल तर स्टेपनी चढवूनच पुढे निघा. एअर फिल्टर जैसलमेरमध्येच काढून झटका, आणि पोटाखालची वाळू तिथेच धुऊन घ्या, नाहीतर ती पावसाळ्यापर्यंत दर खड्ड्यागणिक तुमच्या पार्किंगमध्ये पडत राहते.