बीटा ब्लॉकर घेताय? आधी नाडी मोजा
मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, कार्व्हेडिलॉल ही बीटा ब्लॉकर औषधं हृदयाचे ठोके मंद करतात, रक्तदाब उतरवतात. हृदयावरचा ताण हलका होतो. गोळीआधी पाच मिनिटं शांत बसा, मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवून पूर्ण 60 सेकंद नाडी मोजा. 50 च्या खाली असेल किंवा चक्कर येत असेल, तर गोळीआधी डॉक्टरांना फोन. कार्व्हेडिलॉल जेवणासोबत घ्या. दमा असेल तर आधीच सांगा. मधुमेहींना साखर उतरल्याची धडधड जाणवेलच असं नाही. घाम फुटला की साखर तपासा. नाशिकच्या थंडीत या गोळ्यांमुळे हातपाय जास्त गार पडतील, मोजे घाला.

सगळ्यात घातक चूक म्हणजे बरं वाटतंय म्हणून गोळी एकदम बंद करणं. ठोके उसळतात, छातीत दुखतं, हृदयविकाराचा झटकाही येऊ शकतो. बंद करायचीच तर डॉक्टर डोस टप्प्याटप्प्याने उतरवतात. त्र्यंबकला मुक्कामी जाताना गोळ्यांचं पाकीट सोबत ठेवा.